सिलेंडरचा दृष्टांत

चर्चमधली उपासना संपायच्या वेळी, शेवटच्या आशीर्वादाला, मी डोळे मिटलेले ठेवूनच हळूहळू दाराकडे सरकतो. वीस वर्षांची प्रॅक्टिस आहे. स्कूटी पहिली निघते आणि कुठल्या कमिटीत नावही जात नाही. पण त्या रविवारी स्कूटीपुढे कोणीतरी बुलेट आडवी लावून ठेवलेली आणि बुलेटवाला क्वायरमध्ये, म्हणजे तो लवकर बाहेर येणार नाही हे नक्की. पाळकसाहेबांनी मला गेटजवळ बरोबर गाठलं. शुक्रवारी आमच्या घरी मंडळीची प्रार्थनासभा होती, तिला आमच्यात कॉटेज मीटिंग म्हणतात.

"भाऊ, शुक्रवारची कॉटेज मीटिंग तुमच्याकडे ना? मग या वेळी पाच मिनिटं तुम्हीच बोला."

"साहेब, मी सातपूरला स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजतो, मी काय बोलणार?"

"तेच तर पाहिजे! रोजच्या जीवनातलं. प्रभू येशूने दृष्टांताला काय घेतलं? पेरणारा घेतला, हरवलेलं मेंढरू घेतलं, खमीर, जाळं, दिवा. सगळं घरादारातलंच. फक्त डोळे उघडे ठेवा, आठवडाभरात काहीतरी सापडेलच."

डोळे उघडे ठेवा म्हणजे काय होतं ते त्यांना कुठे माहीत. तिथून पुढे मला कुठलीच वस्तू नुसती वस्तू दिसेना. कॅनडा कॉर्नरला सिग्नल लाल झाला की धडा, दही लागलं नाही की धडा, शरणपूर रोडवर स्कूटी लावायला जागा मिळेना तर त्यातही धडा, की बघा, शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचं गाव आणि तिथे एका स्कूटीला आसरा नाही. हा मला चांगला वाटलेला, मी मोबाईलमध्ये लिहूनही ठेवला, पण पुढे काय ते सुचेना. द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये सहनशीलता शिकायला मिळते हे खरं, पण ते नाशकात सगळ्या धर्मांच्या लोकांना आधीच माहितीये, त्यासाठी मीटिंग कशाला?

आठवीतलं पोरगं म्हणालं, "पप्पा, तुमचं आमच्या भूगोलाच्या पुस्तकासारखं झालंय. खाली स्वाध्याय पण देत जा."

त्याच रविवारी दुपारी सासरी जायचं होतं, दिंडोरीकडे. मेहुण्याची तीन एकर द्राक्षं आहेत आणि ऑक्टोबर, म्हणजे गोडी छाटणी चालू. मी मनात म्हटलं, झालं काम! द्राक्षवेल, फांद्या, माळी, योहान पंधरावा अध्याय, तोही नाशिक जिल्ह्यात, यापेक्षा तयार माल कुठे मिळणार. पोचल्या पोचल्या मी बागेत शिरलो आणि मेहुण्याला विचारलं, की फळ देणारी फांदी पण छाटतात ती अजून फळ यावं म्हणून, बरोबर ना?

"दाजी, कोणती छाटणी म्हणताय? खरड का गोडी?"

शास्त्रात तर एकच आहे, मी म्हटलं.

"आमच्यात दोन. एप्रिलमध्ये खरड, तेव्हा सगळा वेल सोलून काढतो, बघवत नाही. त्यातून नवीन काडी तयार करायची. मग आत्ता त्या काडीवर गोडी, मग घड. एका छाटणीत फळ मागणारा माळी म्हणजे यूट्यूबवाला असेल." असं म्हणून त्याने माझ्या हातात रबरी हातमोजे दिले आणि पेस्टची बादली दिली. छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना ती पेस्ट लावायची असते, म्हणजे डोळे एकदम फुटतात. "हाताला लागू देऊ नका, जळतं. आणि आज उद्या पिऊ नका, ह्याच्यावर दारू चालत नाही." मी पितच नाही रे. "नाही, कंपनीने सगळ्यांना सांगायला सांगितलंय."

तासभर मी काड्यांना पेस्ट लावली. कमरेतून एक असा आवाज आला की त्याच्यावर वेगळा दृष्टांत होऊ शकेल.

बाजूच्या ओळीत छाटणीवाली माणसं होती, पेठ-सुरगाण्याकडची, एकरावर ठेका घेऊन आलेली. कात्र्यांचा कट कट कट असा एकसारखा आवाज. मला वाटलं वेळ वाया नको, म्हणून मेहुण्याला दुसरा दृष्टांत सांगायला घेतला, तो मळेवाल्याचा. म्हणजे मालक पहाटे जाऊन मजूर आणतो, नऊला आणतो, बाराला, तिनाला आणि संध्याकाळी पाचला पण आणतो, आणि सुट्टी झाल्यावर सगळ्यांना सारखाच रोज देतो. मेहुणा संडेस्कूलपासून ही गोष्ट ऐकतोय पण तेव्हा त्याच्याकडे बाग नव्हती.

"दाजी, असा मालक दिंडोरीत एकच दिवस टिकेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला एक माणूस यायचा नाही. सगळे पावणेपाचला टपकतील, चहा पिऊन."

पलीकडच्या ओळीतून एका बाईने कात्री थांबवली. "भाऊ, त्या मालकाचा नंबर हाये का?"

सगळी ओळ हसली, मीही हसलो. मग ती पुन्हा काडी धरून म्हणाली, गिरणाऱ्याच्या बाजारात उभं रायचं, गाड्या येत्या, चार माणसं निवडून घिऊन जात्या, आपल्याला कोणी नेत नाही. दहा वाजता, अकरा वाजता. गाडीभाडं तर गेलंच. "दिसभर उभं रायनं बी कामच हाये ना." आणि कट कट परत सुरू.

गिरणारे नाशिकपासून फार लांब नाही, तिथला मजुरांचा बाजार मी स्कूटीवरून कितीतरी वेळा पाहिलाय, हॉर्न वाजवत मधून गेलोय. बाजारात रिकामे उभे असलेले मजूर हे वाक्य लहानपणापासून ऐकतोय आणि मला कायम वाटायचं ते पाचपर्यंत गप्पा मारत, तंबाखू मळत उभे असणार. मी मोबाईल काढला नोट करायला आणि पेस्टचा हातमोजा स्क्रीनला लागला. नवीन स्क्रीनगार्ड दोनशे रुपये.

सोमवारी सकाळी पावणेसातला गॅस संपला.

गॅस संपण्याची पण एक पद्धत असते. ज्योत आधी निळ्याची पिवळी होते, मग बारीक होते, मग बायको "अहो" म्हणते. त्या एका अहोमध्ये पुढचं सगळं असतं. मी सिलेंडर तिरका केला, हलवला, आडवा करून पाहिला (करू नये, पण सगळे करतात), त्यात एक चहा निघाला आणि दूध अर्धं कच्चं राहिलं. मग गॅलरीतला दुसरा सिलेंडर ओढायला गेलो तर तो एका हाताने उचलला गेला. गणपतीपासून रिकामा होता. बुक करायचं काम कोणाचं होतं हे लिहीत नाही.

आणि खरं सांगतो, बायको काय बोलत होती ते मला ऐकूच येत नव्हतं, कारण माझ्या डोक्यात दिवा पेटलेला. दहा कुमारी! मत्तय पंचवीस! पाच शहाण्या, पाच मूर्ख, सगळ्या दिवे घेऊन वराची वाट बघणाऱ्या, मूर्खांनी जास्तीचं तेल आणलं नाही, वराला यायला उशीर झाला, मध्यरात्री वर आला हो अशी हाक आली आणि दिवे विझायला लागले. रिकामा सिलेंडर म्हणजे विझलेला दिवा, वा! मी तिथेच ओट्याशी उभा राहून टाईप करायला लागलो.

"आधी बुक करा," बायको म्हणाली.

करतो, म्हटलं. हाच फोन हातात आहे, करतोच.

तेवढ्यात ती खाली जाऊनही आली. तळमजल्यावरच्या काकूंनी आपला भरलेला सिलेंडर देऊ केला होता. मी गेलो तेव्हा त्या दारातच उभ्या, "ने रे, आमच्याकडे लावलेला चांगला महिनाभर जाईल, तुझा आला की दे." बास. किती दिवसांत देशील नाही, काही नाही.

आता इथे माझा दृष्टांत बसला खाली. गोष्टीत मूर्ख कुमारी तेल मागतात तेव्हा शहाण्या देत नाहीत. आम्हालाच पुरणार नाही, जा दुकानात जाऊन विकत घ्या, म्हणतात, मध्यरात्री! आणि शाबासकी त्यांना मिळते. मग काकू कोण? शहाण्या म्हणाव्यात तर दिला, मूर्ख म्हणावं तर भरलेला त्यांच्याकडेच होता. काकू दर सोमवारी कपालेश्वराच्या देवळात जातात, त्यांना विचारून काही उपयोग नव्हता.

घरगुती सिलेंडरमध्ये गॅस १४.२ किलो, वर लोखंडाचं वजन, म्हणजे तीस किलोच्या आसपास होतं, आणि आमची बिल्डिंग बिनलिफ्टची, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आदल्या दिवशीची कंबर. पहिल्या मजल्यावर मी दोनदा थांबलो, वर येऊन सोफ्यावर पडलो आणि जरा कण्हलो असेन. आईने चष्म्यावरून पाहिलं.

आईचं एक आहे, तिच्याकडे कुठल्याही दुखण्यावर शरणपूर असतं. १८५४ साली मिशनरींनी शरणपूर वसवलं, तिथे गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन पोरं शिकायला आणून ठेवली होती, हे आम्ही वरणभातासोबत ऐकलंय. "तो जेकब वेनराइट," आई म्हणाली, "इथेच शिकला, आपल्या नाशकात. १८७३ ला मिशनरी लिव्हिंगस्टन साहेब तिकडे आफ्रिकेत वारले तर ह्या लोकांनी त्यांचं शव खांद्यावर घेऊन समुद्रापर्यंत आणलं. नऊ महिने चालत. जंगलातून, तापात. जेकब तर पुढे लंडनला दफनविधीपर्यंत गेला."

हो आई, माहितीये.

"तुला दोन मजले."

मी हाही मुद्दा नोट केला, पण त्यात माझी बाजू वाईट दिसत होती म्हणून काढून टाकला.

बुधवारी स्कूटीची चावी हरवली. यावर जास्त लिहीत नाही. एवढंच की मी बायबल उघडून लूक पंधरामधली नाणं हरवलेली बाई वाचत होतो, दिवा लावून घर झाडून शोधणारी, आणि बायको खरोखर बॅटरी लावून पलंगाखाली झाडत होती, आणि चावी बायबलच्या चेनच्या कव्हरमध्येच होती, पुढच्या कप्प्यात, रविवारी मीच टाकलेली. सापडल्यावर मी तिला सांगितलं की त्या बाईने आनंदाने मैत्रिणी, शेजारणी सगळ्या बोलावल्या. "म्हणजे चहापाण्यातच नाणं गेलं असेल," ती केस झटकत म्हणाली. "आणि नवरा काय करत होता ते लिहिलंय का?" नाही लिहिलेलं, मी बघितलं.

शुक्रवार. हॉलमध्ये पंचवीस माणसं, शेजारून आणलेल्या खुर्च्या, आज्या सोफ्यावर, पोरं दारात. आत मोठ्या पातेल्यात चहा चढवलेला, पोह्यांचा कांदा चिरून तयार. दोन गाणी झाली. मग एका ज्येष्ठ काकांना छोटीशी प्रार्थना करायला सांगितलं. त्यांनी जग, देश, महाराष्ट्र, नाशिक महानगरपालिका, पाऊस, मंडळीतल्या आजारी लोकांची नावं त्यांच्या आजारांसकट, असं सगळं घेतलं. मध्ये एकदा मी डोळा उघडून घड्याळ पाहिलं, सतरा मिनिटं झाली होती, आणि समोर पाळकसाहेबांचाही एक डोळा उघडा होता.

मग मी. आवाज जरा कापत होता पण काकूंचा विषय मला जमलेला. मी म्हटलं, मंडळी, सोमवारी आमचा दिवा विझला. लोक हसले. मी म्हटलं, मत्तयातल्या शहाण्यांनी तेल दिलं नाही पण आमच्या तळमजल्यावर... आणि बेल वाजली.

काकू. हातात पदर, घाईत. खोलीभर माणसं बघून त्या दारातच थबकल्या आणि कुजबुजल्या, पण काकूंची कुजबुज तिसऱ्या मजल्यापर्यंत जाते. "अरे, आमचा संपला रे आत्ता! महिना काय, आठवडाही गेला नाही. आणि लेक-जावई आलेत पुण्याहून, न सांगता, कुकर लावलाय अर्धा. तुझा आला असेल ना बुक केलेला?"

खोली गप्प. मला सोमवारपासूनचं सगळं आठवलं, फोन हातात घेतला की मी मुद्दे लिहायचो, मुद्दा लिहून झाला की फोन ठेवून द्यायचो.

सोफ्यावरून एक आजी, बिनदाताच्या, अगदी स्पष्ट म्हणाल्या, "वर आला हो!"

त्यानंतर जे हसले सगळे, काकूंना काही कळेना, त्याही हसायला लागल्या. बायको हसत नव्हती. मी स्वयंपाकघरात गेलो, उकळी यायला आलेला चहा बंद केला, रेग्युलेटरचं बटण फिरवलं, टक्, काढला. सिलेंडर बाहेर आणला तर पाळकसाहेब बाह्या सरसावून उभे. "एका बाजूने मी धरतो." मी नको नको म्हणतोय, त्यांचा पांढरा शर्ट, इस्त्रीचा, आणि त्यांनी कडं धरलंच. जिन्यात ते पुढे, मी मागे, तीस किलो नव्हताच तो आता, पाच दिवस आम्हीच वापरलेला.

"हळू," मी म्हटलं, "वळण आहे."

वरून आईचा आवाज आला, "दोनच मजले आहेत!"

काकूंकडे जोडून दिला, वॉशर बघितला, साबणाचा फेस लावून बघितला. वर आलो तर गाणं चालू होतं. अर्ध्या तासाने खालून चहा आला, पंचवीस कप, स्टीलच्या किटलीतून, ट्रे जावयाच्या हातात, बिचारा प्रवासाच्या कपड्यांतच होता. आलं जास्त, साखर त्याहून जास्त. आज्या म्हणाल्या, वर चांगला आहे.

पाळकसाहेब कप खाली ठेवत इकडेतिकडे बघून म्हणाले, "भाऊंची अजून तीन मिनिटं शिल्लक आहेत, कुठे गेले?"

मी गॅलरीत होतो, रिकाम्या सिलेंडरवर बसून, फोन कानाला. रिफिल बुक करण्यासाठी एक दाबा, म्हणत होती. दाबला.