'खाल्ल्या घरचे वासे' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नोकरी सोडताना किमान वेतनाचा थकलेला फरक, म्हणजे कायद्यानं ठरलेला दर आणि हातात पडलेला पगार यांतला फरक, कसा मागायचा, यावर मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या एका प्रतिक्रियेला खाली दोन ओळी लिहून भागण्यासारखं नाही, म्हणून हे स्वतंत्र उत्तर. लिहिणाऱ्यांनी नाव दिलेलं नाही. 'लातूर एमआयडीसीतला एक लघुउद्योजक' एवढीच ओळख आहे. प्रतिक्रिया लांबलचक आहे, तिचा गाभा असा: "ताई, पंख्याखाली बसून कायदे शिकवणं सोपं असतं. दहा माणसांचा पगार कधी केलाय का? जो माणूस दोन वर्षं सही करून गुपचूप पगार घेतो आणि जाताना फरक मागतो, तो खाल्ल्या घरचे वासे मोजणारा. अशा लोकांना तुम्ही फूस लावताय." पुढे बिलं थकतात, मार्जिन उरत नाही, पोरं पुण्याला जातील, फरकाचा दावा करायची मुदत सहाच महिन्यांची असताना तुम्ही तीन वर्षं सांगता, असेही मुद्दे आहेत. शेवटी एक इशारा आहे, त्याच्याकडे नंतर येते.

आधी भाषेबद्दल. 'ताई' म्हणून सुरुवात करायची आणि चार वाक्यांत फूस लावणारी ठरवायचं, ही कुठली रीत? माझ्या लेखात मी एकाही मालकाला चोर म्हटलेलं नाही. कलमं सांगितली, अर्ज कुठे द्यायचा ते सांगितलं, कुठले कागद जपायचे ते सांगितलं. एवढ्यानं तुमचा तोल जात असेल तर तो माझ्या भाषेमुळे गेलेला नाही. विरोधात लिहिणारे मला नवीन नाहीत, पण बहुतेक जण निदान स्वतःच्या नावानं लिहितात.

आता पगार केलाय का, हा प्रश्न. केलाय. दहा नाही, त्याहून बऱ्याच जास्त माणसांचा. लग्नाआधी मी वाळूजला एका लेबर ठेकेदाराच्या ऑफिसात होते. पगारपत्रक, पीएफचं चलन, ईएसआयचं (कामगार विम्याचं) चलन, हिशोबाच्या टॅली सॉफ्टवेअरमधल्या नोंदी, सगळं माझ्याकडे. पगाराच्या दिवशी पोरांच्या खात्यात किमान वेतनाचा पूर्ण आकडा पडायचा. कागद धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस एटीएमवर जायचा. पोरांची कार्डं त्याच्याकडेच असायची, रबर लावलेल्या गठ्ठ्यात. प्रत्येक कार्डावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेननं लिहिलेला पिन. तो पैसे काढायचा, ठरलेली रक्कम मोजून पोराच्या हातावर ठेवायचा आणि उरलेली पाकिटात टाकायचा. औसा, निलंगा, गेवराई, परतूर, कुठून कुठून आलेली पोरं. एका खोलीत आठ आठ जण राहणारी. त्यांतलं एकही बोलायचं नाही, कारण बोललेल्याचं कार्ड दुसऱ्या दिवशी त्याला परत मिळायचं, कायमचं.

हे बरोबर नाही, असं मी ठेकेदाराला तोंडावर सांगितलं आणि माझा तिथला शेर संपला. मी पगारपत्रक करत होते, पण मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, माझं नाव 'मदतनीस, अकुशल' असं होतं. त्या दरानं पगार. निघताना शेवटच्या महिन्याचे पैसे अडवून माझ्यापुढे एक कागद ठेवला: 'पूर्ण व अंतिम हिशोब मिळाला, यापुढे कसलीही मागणी राहिलेली नाही.' रकमेची जागा कोरी, महसुली तिकीट आधीच चिकटवलेलं. मी रक्कम लिहायला लावली आणि सहीच्या वर लिहिलं, 'फरकाचा हक्क राखून'. मग कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज दिला. ठेकेदारानं तिथं आणलेल्या मस्टरमध्ये काही महिन्यांपुढे माझ्या नावाची जी सही होती, ती माझी नव्हती. ते समोर आल्यावर तडजोड झाली आणि फरकाचा चेक मिळाला. तेव्हा पंख्याखाली बसून शिकवते वगैरे मला सांगू नका. पंखा होता, पण त्या पंख्याखाली काय चालायचं ते मी पाहिलेलं आहे.

आता ते वासे. सगळ्या प्रतिक्रियेत मला हेच वाक्य लागलं, आणि हेच वाक्य मी गेली कित्येक वर्षं वेगवेगळ्या तोंडांतून ऐकतेय. खाल्लं कुणी आणि कुणाचं? कुशल कामगाराचं काम करून घेऊन अकुशलचा दर दिला, किंवा बारा तासांची पाळी करून घेऊन आठ तासांचे पैसे दिले, तर बाकी राहिलेले पैसे कामगाराचे आहेत आणि ते तुमच्याकडे आहेत. महिन्याला 2,000 रुपयांचा फरक धरा. दोन वर्षांचे 48,000 होतात. एवढे पैसे त्या पोरानं तुमच्या धंद्यात बिनव्याजी अडकवले. बँक तुम्हाला असं देईल का? आणि ज्यानं दिले त्यालाच तुम्ही खाणारा म्हणताय.

"गुपचूप घेतला" म्हणता. त्याला दर माहीत होता का, हे आधी विचारा. आपल्याकडे दर ठरतो तो परिमंडळाप्रमाणे (म्हणजे भागाप्रमाणे), उद्योगाप्रमाणे, आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गाप्रमाणे. त्यावर महागाईप्रमाणे विशेष भत्ता, तो वर्षातून दोनदा बदलतो, जानेवारीत आणि जुलैत. हा तक्ता किती कारखान्यांत दाराशी लावलेला असतो? पगाराची पावती किती जणांच्या हातात पडते? पावती देणं कायद्यानं बंधनकारक आहे, तरी मला भेटणारी बहुतेक पोरं 'पावती म्हणजे काय' असं विचारतात. ज्याला आकडाच कळू दिलेला नाही, त्याच्या गप्प बसण्याला तुम्ही संमती कशी म्हणता?

आणि जाताना का मागतो? कारण त्याआधी मागितलं तर जावंच लागतं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मराठवाड्यात तर निघतानाचा हिशोब ही पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत आहे. सालगडी पाडव्याला लागतो आणि पुढच्या पाडव्याला त्याचा हिशोब होतो. उचल किती, धान्य किती, खाडे किती, राहिलं किती. ओसरीवर सगळ्यांच्या समोर बसून होतो. त्या दिवशी सालगड्यानं 'माझे एवढे राहिले' म्हटलं तर गावात त्याला कुणी नमकहराम म्हणत नाही. उलट हिशोब न करणाऱ्या मालकाकडे पुढच्या साली गडी टिकत नाही. मग तेच पोरगं शेतातून उठून दाल मिलमध्ये किंवा पॅकिंगला लागलं की त्याच्या हिशोबाला कृतघ्नपणा का म्हणायचं?

सहीचंही ऐका. सही केली म्हणून हक्क गेला, हा समज मालकांमध्ये आहे आणि दुर्दैवानं कामगारांमध्येही आहे. 1948 च्या किमान वेतन कायद्यातल्या कलम 25 नं सांगितलं होतं की किमान वेतनाचा हक्क सोडणारा किंवा कमी करणारा करार रद्दबातल. त्या कायद्याच्या जागी आलेल्या वेतन संहिता 2019 च्या कलम 60 मध्ये ते तसंच आलेलं आहे. कलम 59 त्याच्याही पुढे जातं: पगार कमी दिल्याचा दावा आला, तर पूर्ण पैसे दिले हे सिद्ध करायचं ओझं मालकावर. म्हणजे दोन वर्षांच्या सह्या दाखवून तुम्ही सुटत नाही. त्या सह्यांसमोरचा आकडा किमान वेतनाएवढा आहे का, तेवढंच पाहिलं जाईल. कार्डं गोळा करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पीएफच्या पासबुकात ज्या वेतनावर वर्गणी भरली तो आकडा छापलेला असतो. पोराच्या हातात त्याहून कमी पडत असेल, तर तुमच्याच चलनानं तुमच्याविरुद्ध साक्ष दिलेली असते. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, नोकरी सोडायच्या आधी पासबुक उतरवून घ्या, हजेरी कार्डाचे फोटो काढा, ठेकेदाराचे पाळी लावणारे मेसेज पुसू नका. तुम्ही याला फूस म्हणता. म्हणा.

एक गोष्ट मात्र तुमची मान्य करते, आणि मनापासून करते. लहान कारखानदाराची बिलं मोठ्या कंपन्या अडवतात. नव्वद दिवस, कधी त्याहून जास्त. चिकलठाणा, शेंद्रा, जालना, लातूर, सगळीकडे हेच ऐकू येतं आणि ते खोटं नाही. त्यावर 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा आहे. माल घेतल्यावर पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. त्यासाठी तुम्ही सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, अर्ज करू शकता. पुष्कळ जण तो अर्ज कधी करतात? त्या कंपनीची ऑर्डर सुटल्यावर. ऑर्डर चालू असताना कुणी करत नाही, कारण ऑर्डर जाईल अशी भीती असते. त्या अर्जाला कुणी वासे मोजणं म्हणत नाही. तुमचं भय मला समजतं. तुमच्या कामगाराचं भय तेच आहे, आणि ते तुम्हाला समजू नये याचं मला वाईट वाटतं.

पण बिलं थकली म्हणून किमान वेतन थकवता येत नाही. मालकाची ऐपत किमान वेतनाच्या प्रश्नात बघायची नसते, हे सर्वोच्च न्यायालयानं 1961 मध्येच उनिचोयी खटल्यात सांगितलं. आणि 1982 मध्ये, दिल्लीतल्या एशियाडच्या (आशियाई क्रीडास्पर्धांच्या) बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही संविधानाच्या अनुच्छेद 23 खालची वेठ आहे, इथपर्यंत न्यायालय गेलं. मार्जिनचा मुद्दा माझ्यापुरता इथं संपतो.

मुदतीबद्दल तुम्ही मला खोटं ठरवलंय, म्हणून सांगते. सहा महिने जुन्या कायद्याच्या कलम 20 मध्ये होते, आणि तिथंही सबळ कारण असेल तर उशिराचा अर्ज दाखल करून घेता येत होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू आहे, तिच्या कलम 45 मध्ये तीन वर्षं आहेत. लेखात तेच लिहिलं होतं. त्याच कलमात फरकाच्या दहा पटीपर्यंत भरपाई आहे. आदेशानंतरही पैसे दिले नाहीत तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. आणि कलम 17 प्रमाणे राजीनामा दिला असो की काढून टाकलं असो, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. 'पुढच्या महिन्यात ये, साहेब गावाला गेलेत' याला त्यात जागा नाही. मला दुरुस्त करण्याआधी हे वाचलं असतंत तर बरं झालं असतं.

पोरं पुण्याला जातील, या मुद्द्यावर मी काही लिहीत नाही. ती आजच जातायत आणि का जातायत ते त्यांना विचारा.

आता तुमचा इशारा. "यापुढे मी प्रत्येकाकडून दर सहा महिन्यांनी 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून घेणार," असं तुम्ही लिहिलंय. खुशाल घ्या. कलम 60 वर सांगितलंच आहे, त्या कागदाचा तुम्हाला उपयोग नाही. उलट असे छापील, एकसारखे, एकाच दिवशी घेतलेले कागद अधिकाऱ्यासमोर आले तर ते कशासाठी घेतले हा पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. ज्या पोरांना असा कागद पुढे येईल त्यांनी घाबरू नये. नोकरीची गरज असेल तर सही करावी, तारीख घालावी, शक्य असेल तर कागदाचा फोटो ठेवावा. हक्क जात नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. तुम्हाला पुन्हा लिहायचं असेल तर एवढंच लिहा: तुमच्याकडची माणसं कुठल्या वर्गात दाखवली आहेत, ती प्रत्यक्षात काय काम करतात, पाळी किती तासांची आहे आणि महिन्याच्या शेवटी हातात किती पडतात. हे चार आकडे नावानिशी दिलेत आणि ते कायद्याला धरून असतील, तर मी ते इथंच, याच जागी, तुमच्या नावानं छापीन.