‘आवाज साफ करा आणि मूळ फाइल उडवा’ म्हणे!

माझी मावशी निवृत्त शिक्षिका. माण तालुक्यात तिच्या घरामागे ८४ वर्षांच्या एक आजी राहतात. जात्याच्या खुंट्याला हात लागला की त्यांना ओव्या आठवतात, एरवी विचारलं तर "न्हाय बाई येत" म्हणून मोकळ्या होतात. मावशीने तीन दिवस पहाटे जाऊन फोनवर त्यांचं रेकॉर्डिंग केलं. पॉडकास्ट करायचा तिचा विचार आहे. गेल्या रविवारी तिचा फोन आला, "अगं, ऐक तरी. स्टुडिओत केल्यासारखं झालंय."

ऐकलं. आजी रिकाम्या पिंपात तोंड घालून गात असाव्यात तसा आवाज. जातं नाहीच. ओळीच्या शेवटचे शब्द अर्ध्यात गिळलेले.

"मावशी, मूळ फाइल पाठव."

"ती उडवली की. मेसेजमध्ये तसंच लिहिलं होतं."

तो मेसेज माझ्याकडेही तीन ग्रुपांवरून येऊन गेला होता आणि मी दुर्लक्ष केलं होतं, ती चूक माझी. ‘घरबसल्या स्टुडिओ क्वालिटी पॉडकास्ट’ असं वर लिहिलंय आणि खाली सात सूचना. एआयने एका क्लिकवर सगळा नॉइज काढा. मग मूळ फाइल उडवा, जागा वाचते. श्वास आणि थांबे सगळे कापा. आवाजाच्या रेषा वरच्या कडेला टेकेपर्यंत व्हॉल्यूम वाढवा. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावा, खोली साउंडप्रूफ होते. एमपीथ्री असेल तर वेव्हमध्ये बदला, क्वालिटी वाढते. रेकॉर्डिंग नेहमी ९६ किलोहर्ट्झवरच करा. शेवटी ‘सर्वांना पाठवा’ आहेच. तेवढी सूचना लोकांनी मनापासून पाळलेली दिसते.

मी दुसऱ्यांचे पॉडकास्ट एडिट करून पोट भरते, म्हणून आता सविस्तर.

‘सगळा नॉइज काढा.’ यातला नॉइज कुठला, हे त्या क्लिकला कोण सांगणार? पंख्याची घरघर आणि जात्याची घरघर यंत्राला सारखीच. दोन्ही एकसुरी, दोन्ही सतत, दोन्ही माणसाच्या बोलण्याच्या मागे. त्याने जातं पुसलं यात त्याचा दोष नाही, ते बोलणं स्वच्छ करायला बनवलंय. पण ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते. हात पुढे जाताना जोर लागतो तिथे शब्द ओढला जातो, फेरा सैल झाला की ओळ संपते. जातं काढून टाकल्यावर ती म्हातारी बाई विनाकारण हेल काढतेय असं वाटायला लागतं. ताल पुसायचा आणि वर गाणारी बेताल म्हणायची!

याहून वाईट गोष्ट शब्दांची. नॉइज काढणारी साधी साधनं आवाजाचे बारीक बारीक पट्टे करतात आणि ज्या पट्ट्यात ठरावीक पातळीपेक्षा कमी आवाज असेल तो आणखी दाबतात. आता ‘ह’, ‘स’, ‘श’, ‘फ’ हे उच्चार म्हणजे मुळात बरीचशी हवाच. त्यांचा आलेख नॉइजसारखाच दिसतो. त्यामुळे पहिला मार त्यांनाच बसतो. मावशीच्या त्या ‘स्टुडिओ’ फाइलमध्ये आजींच्या ‘म्हायेर’चं ‘मायेर’ झालंय आणि ‘ल्हान’चं ‘लान’. आजींची बोली ज्या ‘ह’मध्ये आहे, तोच घाण म्हणून बाहेर. एआयवाली काही साधनं तर आवाज नुसता गाळत नाहीत, नव्याने घडवतात. ऐकू येतं ते गोड असतं, पण ते त्या माणसाने उच्चारलेलं असेलच याची खात्री नाही.

खरं-खोटं करायचं असेल तर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या नॉइज रिडक्शनमध्ये ‘रेसिड्यू’ नावाचा पर्याय आहे. तो निवडला की राहणारा आवाज न ऐकवता, काढून टाकला जाणार आहे तो आवाज ऐकवला जातो. त्यात फक्त पंखा ऐकू आला तर पुढे जा. त्यात माणूस बोलताना ऐकू आला तर हात आवरा. मावशीला मी हे फोनवरून करायला लावलं, वाचलेल्या एकमेव फाइलवर, मुद्दाम जोर लावून. काढलेल्या कचऱ्यात आजी पुसट गात होत्या. मावशी बराच वेळ काही बोलली नाही.

‘वाचलेली एकमेव’ म्हणजे काय, तर तिसऱ्या दिवसाची. ती वाचली कारण मावशीला ती फोनमध्ये सापडली नव्हती. दुसऱ्या सूचनेने पहिल्या दोन दिवसांच्या ओव्या संपवल्या होत्या.

या एका सूचनेसाठी तो मेसेज लिहिणाऱ्याला समोर बसवून घ्यावंसं वाटतं. ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्या संस्थांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयासा. जुन्या ध्वनिफिती संगणकावर कशा घ्याव्यात याची तिची मार्गदर्शक तत्त्वं जगभरचे संग्रह प्रमाण मानतात. त्यात स्पष्ट आहे की जतनाची प्रत करताना आवाजात स्वतःच्या मनाने सुधारणा करायची नाही, आणि अशा ‘सुधारणे’चं उदाहरण म्हणून नॉइज काढण्याचंच नाव घेतलंय. साफसफाई करायची ती ऐकवायच्या प्रतीवर. मूळ तसंच्या तसं ठेवायचं. उद्या याहून चांगलं साधन येईल, तेव्हा त्याला द्यायला मूळ तर हवं! गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून जमवलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर ठेवल्या जात आहेत. हा मेसेज त्या काळात कुणी पाठवला नाही, नशीब.

आणि गंमत बघा. दुसरी सूचना म्हणते जागा वाचवा. सहावी म्हणते एमपीथ्रीचं वेव्ह करा. ९६ केबीपीएसची, म्हणजे बऱ्यापैकी दाबून लहान केलेली, तासाभराची एमपीथ्री साधारण ४३ एमबीची असते, तिचं सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ वेव्ह, म्हणजे न दाबलेली फाइल, केलं की ६३५ एमबी. म्हणजे मूळ उडवायचं जागेसाठी आणि उरलेलं फुगवायचं जवळपास पंधरापट! एमपीथ्री करताना जे गेलं ते गेलंच. उसाचा चोथा मोठ्या पातेल्यात ठेवला म्हणून त्यात रस परत येत नाही.

श्वास आणि थांबे? इथे थोडं मान्य करते. मुलाखतीत पाहुणा दर वाक्याला "म्हणजे... म्हणजे कसं आहे" करत असेल तर मीही कापते, आणि माईकजवळचा मोठा श्वास थोडा खाली ओढते. खाली ओढते, उपटत नाही. सगळे श्वास काढले की बोलणारा माणूस बसस्थानकावरची घोषणा होतो. शिवाय कापलेल्या जागी पूर्ण शांतता आली की खोलीचा आवाज गचकन बंद पडतो आणि कानाला खड्डा जाणवतो. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी सगळ्यांनी गप्प बसून अर्धा मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करायची. तो तुकडा खड्डे बुजवायला लागतो.

व्हॉल्यूमबद्दल फार बोलत नाही. रेषा कडेला टेकली की आवाजाची शेंडी सपाट होते आणि फाटल्यासारखं ऐकू येतं. ते नीट जुळवून आणणं अवघड, बहुतेकदा अशक्य. आणि सगळ्यात उंच रेष बहुधा खोकल्याची असते, तिच्यावरून आख्ख्या भागाची पातळी ठरवायची का? कानाला जाणवणारी सरासरी मोठाई मोजायचं एकक आहे, लफ्स. ॲपल पॉडकास्टची शिफारस उणे १६ लफ्सच्या आसपास ठेवा आणि शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका अशी आहे. तेवढं करा, पुरे.

अंड्यांचे ट्रे. नाही. कागदाचा पातळ लगदा आहे तो. उंच पट्टीतला घुमारा किंचित कमी होतो, तेवढंच श्रेय त्याला. बाहेरची दुचाकी आत यायची ती येतेच, वर आगीची भीती. पत्र्याखाली किंवा फरशीवर घुमत असेल तर दोन जाड गोधड्या दोरीवर टाका, माईक तोंडाजवळ आणा. घुमारा नंतर काढणं घरघर काढण्यापेक्षा कितीतरी कठीण.

९६ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने घेणं. सांगायला जड जातंय, पण जतनासाठी आयासाही तो आकडा सुचवते, किमान ४८ चालेल म्हणते. तेव्हा ओव्यांचा संग्रह करणाऱ्याने ठेवावा. पण ‘नेहमी’ कशाला? माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, ४४.१ वर रेकॉर्ड केलं तरी त्याच्या निम्म्यापर्यंतचं, म्हणजे २२ पर्यंतचं सगळं पकडलं जातं, आणि शेवटी ऐकणारा बसमध्ये एका कानात इअरफोन घालून ऐकणार आहे.

मावशीची तिसरी फाइल मी मागवली, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव असं सांगून, म्हणजे आहे तशीच येते. मागे कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर चालू होती. फक्त मोटर ऐकू येत होती असा चार सेकंदांचा तुकडा सापडला, त्याचा नमुना घेऊन ६ डेसिबलने खाली आणली. मोटर अजून ऐकू येते. जातंही ऐकू येतं.

मग मावशी पुन्हा गेली. आजी बसल्या, गायल्या, चांगलं तासभर. शेवटी मावशीने विचारलं, "आजी, ती पहिल्या दिवशी म्हणलेली, भावाची, ती म्हणा की."

आजींनी जातं थांबवलं. "कंची गं?"