साडू, सासूबाई आणि पिवळी कमान

आमचे साडू फूडी आहेत. मी निंदा करत नाहीये, ते स्वतःच तशी ओळख करून देतात, लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसाशेजारी बसले तरी मठ्ठा येईपर्यंत त्या माणसाला हे कळलेलं असतं. त्यांचा नियम एकच, जिथे जाऊ तिथलं ऑथेंटिक खायचं, लोकल लोक खातात तिथेच खायचं आणि चेनच्या दुकानाची पायरी परदेशात तरी चढायची नाही. परदेशात तरी, हे महत्त्वाचं, कारण पुण्यात दर शुक्रवारी त्यांच्याकडे डॉमिनोजचा माणूस येतो आणि तो आता त्यांच्या कुत्र्यालाही नावानिशी ओळखतो.

माझं उलटं आहे. इथे असताना मला बर्गरचं काही पडलेलं नसतं, पण परदेशात चालून चालून पायाचे तुकडे पडलेले असताना लांबवर मॅकडोनाल्ड्सची पिवळी कमान दिसली की मला एसटी स्टँड दिसल्यासारखं वाटतं. एसटी स्टँडचं कोणी कौतुक करत नाही, त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढत नाही, पण आत संडास असणार, बाकडं असणार, भाव भिंतीवर लिहिलेले असणार आणि तुम्ही कोण, कुठले, कशाला आलात असं कोणी विचारणार नाही ह्याची खात्री असते. ह्यापेक्षा जास्त काही मला भर दुपारी परक्या गावात नको असतं.

तर अशी दोन टोकाची मतं घेऊन आम्ही इटली आणि फ्रान्सला निघालो. दोघी बहिणी, दोन साडू, माझी मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंची मूळ इच्छा टूर कंपनीबरोबर जायची होती, ते लोक म्हणे स्वित्झर्लंडच्या डोंगरावर सकाळी गरम पोहे देतात. साडूंनी ही इच्छा ऐकून डोळे मिटून घेतले. "आई, युरोपात जाऊन पोहे?" सासूबाई म्हणाल्या, "मग काय झालं, भूक तीच असते ना?" ह्या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे साडूंनी स्वतः प्लॅनिंग हातात घेतलं आणि एक एक्सेल शीट बनवलं, त्यात देवळं-म्युझियमं एका कॉलममध्ये आणि खायच्या जागा उरलेल्या सगळ्या कॉलम्समध्ये.

रोममध्ये स्पॅनिश स्टेप्स म्हणून प्रसिद्ध पायऱ्या आहेत. पायऱ्याच, दुसरं काही नाही, आणि त्यांच्यावर बसायलाही आता मनाई आहे, बसलात तर दंड. म्हणजे गुडघे धरलेल्या बाईला चारी बाजूंनी पायऱ्या दाखवायच्या आणि बसू द्यायचं नाही. ह्या पायऱ्यांच्या जवळच मॅकडोनाल्ड्स आहे. सासूबाईंनी ते बघितलं, मुलीने बघितलं, बायकोने माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही वळणार तेवढ्यात साडू मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "हे दुकान काय आहे माहितीये का?"

आम्हाला फक्त त्यात संडास आहे एवढंच माहिती करून घ्यायचं होतं. पण साडूंनी 1986 पासून सुरुवात केली. त्या साली हे दुकान इथे उघडलं तेव्हा रोममध्ये केवढा गदारोळ झाला, लोक निदर्शनं करायला जमले, व्हॅलेंटिनो ह्या जगप्रसिद्ध फॅशनवाल्याचं ऑफिस शेजारीच, तो तळणाच्या वासाने हैराण होऊन कोर्टात गेला. आणि कार्लो पेत्रीनी नावाचा पत्रकार आणि त्याचे साथीदार, त्यांनी दगड नाही मारले, घोषणा नाही दिल्या, लोकांना चक्क पेने पास्ता वाटला! त्यातूनच पुढे स्लो फूड नावाची चळवळ उभी राहिली, 1989 मध्ये पॅरिसला तिचा जाहीरनामा झाला, आणि तिचं चिन्ह काय तर गोगलगाय!

"अजून वाटतात का?" सासूबाईंनी विचारलं.

"काय?"

"पास्ता हो. आत्ता मिळेल का?"

साडू म्हणाले, आता नाही मिळणार, पण आपण संध्याकाळी त्याहून ऑथेंटिक खाणार आहोत. गोगलगायीचं चिन्ह मात्र मला त्या क्षणी फार पटलं कारण सासूबाई पुढच्या चौकापर्यंत साधारण त्याच वेगाने आल्या.

इटलीत चार वाजता भूक लागणं हा गुन्हा आहे हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दुपारचं जेवण तीनच्या आसपास संपतं, मग चांगल्या चांगल्या जागांची स्वयंपाकघरं बंद, ती उघडतात सात-साडेसातला. मधल्या काळात लोकल लोक काय करतात कोण जाणे, बहुतेक कॉफी पितात, तीसुद्धा काउंटरपाशी उभ्याने, एका घोटात, कारण टेबलावर बसून प्यायली की कित्येक ठिकाणी तिचाच भाव वाढतो. आमच्या सासूबाईंना चार वाजता चहा आणि त्याच्यासोबत काहीतरी तोंडात टाकायला लागतं, ही सवय त्यांनी दोन बाळंतपणं, एक बदली आणि सासऱ्यांच्या रिटायरमेंटनंतरही मोडलेली नाही, ती रोमसाठी कुठून मोडणार. वाटेत जी उघडी हॉटेलं दिसत होती ती साडू एकेक करून बाद करत होते. ह्याच्या बाहेर माणूस उभा राहून बोलावतोय, नको. ह्याचा मेनू सहा भाषांत आहे, नको. ह्याच्या मेनूवर तर फोटो आहेत, फोटो म्हणजे शंभर टक्के टुरिस्ट ट्रॅप.

"अहो पण फोटो नसेल तर काय येणार ते कळायचं कसं?" सासूबाई म्हणाल्या. माझ्या मते संपूर्ण ट्रिपमधलं सर्वात शहाणं वाक्य हे होतं.

शेवटी ट्रास्तेवेरे नावाच्या भागात, नदीपलीकडे, गल्लीत गल्ली शोधत साडूंची ती खास जागा सापडली. मेनू फळ्यावर खडूने, फक्त इटालियनमध्ये, वेटरला इंग्लिश येत नाही किंवा येत असून बोलायचं नाही. साडूंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. सासूबाईंसाठी त्यांनी मोठ्या विश्वासाने काचो ए पेपे, म्हणजे तिथला एक पास्ता, मागवलं, आई, प्युअर व्हेज आहे, नुसतं चीज आणि मिरपूड. आलं ते खरोखर छान होतं हे मी प्रामाणिकपणे सांगतो, गरम, चकचकीत, मिरपुडीचा वास नाकात जाणारा. सासूबाईंनी एक घास खाल्ला, म्हणाल्या चांगलं आहे, पण जरा मुकं आहे, आणि पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढून ताटलीभर भुरभुरवली. वेटर पाणी घेऊन येता येता जागच्या जागी थांबला. त्याने चटणीकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं, मग साडूंकडे. साडू घाईघाईने म्हणाले, "मेडिसिन." सासूबाईंनी ते औषध नंतर माझ्या मुलीच्या ताटलीतही घातलं.

आता एक गोष्ट मी सासूबाईंना अजून सांगितलेली नाही आणि तुम्हीही सांगू नका. काचो ए पेपेमध्ये जे पेकोरिनो रोमानो चीज पडतं ते रीतसर बनवताना दूध विरजायला कोकराच्या पोटातलं रेनेट वापरतात. तीच गत पार्मिजानो चीजची, तिथे वासराचं. नियमच आहे तसा, नाहीतर त्याला ते नाव लावता येत नाही. म्हणजे जितकं ऑथेंटिक तितकं नॉनव्हेज. साडूंना मी हे नंतर एकटं गाठून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ टायबर नदीकडे बघत राहिले. मग म्हणाले, आईंना बोलू नका.

गंमत अशी की ह्याच सासूबाई चेनमधल्या बटाट्याच्या फ्राइजकडे मात्र संशयाने बघतात. त्यांच्या भिशीतल्या बायकांनी त्यांना पक्कं सांगून ठेवलंय की त्यात मांसाचं काहीतरी असतं. आणि ते काही अगदीच हवेतलं नाही, अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सने 1990 मध्ये बीफच्या चरबीत तळणं बंद करून वेजिटेबल तेल आणलं, पण चवीसाठी बीफ फ्लेवर ठेवला आणि तो कोणी नीट सांगितला नाही. मुलाकडे अमेरिकेला गेलेल्या किती मराठी आयांनी चतुर्थीला बटाटा चालतो म्हणून ते खाल्ले असतील देव जाणे. 2001 मध्ये सिएटलला केस झाली, इकडे मुंबई-ठाण्यापर्यंत निदर्शनं झाली, कंपनीने सांगितलं की भारतातले फ्राइज वेगळे आहेत, तिकडे पुढच्या वर्षी माफी मागितली आणि एक कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. तेव्हा संशय घ्यावाच, माझं म्हणणं एवढंच की चेनमध्ये घटकांची यादी कुठेतरी छापलेली असते, मागितली तर मिळते. ट्रास्तेवेरेच्या त्या खास जागेत यादी मागा बरं.

बिल आलं तेव्हा त्यात माणशी कोपेर्तो लावलेला होता, म्हणजे टेबलावर बसल्याचे पैसे. मुलगी अर्धा वेळ माझ्या मांडीवर होती, तिचाही लावला. साडू म्हणाले ही इथली परंपरा आहे. परंपरा असेल, पण पैसे निम्मे माझे होते.

दुसऱ्या दिवशी मात्र सासूबाईंनी बंड केलं. साडू एका चर्चच्या रांगेत उभे असताना त्या सरळ रस्ता ओलांडून एका बर्गरवाल्याकडे शिरल्या, मागून मी. चेन कुठली ते जाऊ द्या, पण संडासाच्या दाराला नंबरचं कुलूप होतं आणि नंबर पावतीवर छापलेला, म्हणजे आधी काहीतरी घ्या. मी स्क्रीनवर सगळ्यात स्वस्त काय ते शोधून एक एस्प्रेसो घेतली. सासूबाई आत जाऊन आल्या, चेहरा शांत, आणि बघतो तर दाराबाहेर नऊवारी-पाचवारी, स्पोर्ट्स शूज आणि एकसारख्या टोप्या घातलेल्या आठ-दहा बायका उभ्या, कुठल्याशा टूरच्या बसमधून नुकत्याच उतरलेल्या, आणि कुलपाशी झटापट चाललेली.

"चार सात शून्य नऊ, मग तो फुलीसारखा," सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतर त्या तिथून हलेचनात. दाराशी उभ्या राहून प्रत्येकीला नंबर सांगायचा, गाव विचारायचं, टूरमध्ये जेवायला काय देतात विचारायचं. सांगलीच्या एक बाई निघाल्या, त्यांच्या जाऊबाई सासूबाईंच्या मामेबहिणीच्या शेजारच्या. त्यांना सकाळी उपमा मिळाला होता हे ऐकून सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की साडूंच्या वाटणीचं पाहणंही मलाच मिळालं. एका एस्प्रेसोवर अख्खी बस मोकळी झाली, काउंटरवरच्या पोराने एकदा मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली. असा मोठेपणा मला कुठल्या ट्राटोरियात, म्हणजे तिथल्या घरगुती खानावळीत, दिसला नाही.

आणि आत बसलेलं कोण होतं, तर इटालियन! दप्तरं घेतलेली शाळेतली पोरं, टाय लावलेला एक ऑफिसवाला, नातवाला घेऊन आलेले आजोबा. मी साडूंना बोलावून दाखवलं, हे बघा, लोकल लोक खातात ती जागा. साडू म्हणाले तसं नसतं. मग डॉमिनोजचं उदाहरण त्यांनी काढलं, 2015 मध्ये इटलीत आले, 2022 पर्यंत सगळी दुकानं बंद करून घरी गेले, ह्याला म्हणतात स्वाभिमान. मी म्हटलं आणि अमेरिकेबाहेर त्यांची सगळ्यात जास्त दुकानं भारतात आहेत त्याला काय म्हणतात? मेहुणी म्हणाली, "आमच्याकडे त्याला शुक्रवार म्हणतात."

मला वाटलं होतं पॅरिसला ह्याच वादाचा दुसरा भाग होणार, कारण फ्रान्स म्हणजे तर विचारूच नका, तिथे जोझे बोव्हे नावाच्या शेतकरी नेत्याने 1999 मध्ये मियो गावात मॅकडोनाल्ड्सचं बांधकाम चालू असलेलं दुकानच साथीदारांसह खोलून ठेवलं, जेलमध्ये गेला आणि हीरो होऊन बाहेर आला. मी तयारीत होतो. पण झालं भलतंच. साडूंनी रात्रभर फोनवर काय वाचलं कोण जाणे, सकाळी उठून म्हणाले, "आज आपण मॅकडोनाल्ड्सला जातोय."

मी आनंदाने उठलो, आणि ती चूक होती असं म्हणणार नाही, पण माझं जे काही साधंसुधं सुख होतं ते त्या दिवशी संपलं. कारण साडूंचा नवा शोध असा, की अमेरिकेबाहेरच्या मॅकडोनाल्ड्सच्या सगळ्यात मोठ्या बाजारांत फ्रान्स येतो, फ्रेंच लोक लाडाने त्याला मॅकडो म्हणतात, तिथे मॅकारॉन नावाची बदामाची गोड बिस्किटं मिळतात, बिअर मिळते, मधूनमधून बगेटमध्ये, म्हणजे त्यांच्या लांबट पावात, बर्गर येतो, म्हणजेच हे आता लोकल फूड झालेलं आहे! मी फ्राइज खात निवांत पाय पसरून बसणार तर साडू मॅकारॉन उजेडाकडे धरून त्याचा पापुद्रा दाखवतायत, सॉस चाखून डोळे मिटतायत, हा मस्टर्डचा झणका आपल्याकडे नाही म्हणतायत. फोटो काढायला सगळ्यांचे ट्रे एका रांगेत लावले, माझे फ्राइज त्यात थंड झाले. एक जागा होती जिथे खाण्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं, तीही गेली.

आता परत आल्यापासून त्यांचं नवीन एक्सेल शीट चालू आहे. कॅनडात पुटीन म्हणजे चीज आणि ग्रेव्ही घातलेले फ्राइज, आखातात मॅकअरेबिया म्हणजे अरबी रोटीतला बर्गर, जपानात तेरियाकी बर्गर. आणि जपानच पक्कं होत आलंय, तेही ख्रिसमसला, कारण तिथे सत्तरच्या दशकातल्या एका जाहिरातीपासून लोक ख्रिसमसला केएफसीचं चिकन खातात, आधी ऑर्डर नोंदवून, रांगा लावून, आणि ह्याहून ऑथेंटिक अनुभव जगात नाही असं साडूंचं म्हणणं आहे. परवा सगळे जमलो होतो तेव्हा त्यांनी तारखाही सांगितल्या. मी म्हटलं, अहो, आईंना थंडीत चिकनच्या रांगेत उभं करणार का, त्या तिथे खाणार काय?

साडूंनी पिझ्झाच्या खोक्यातून तुकडा उचलला आणि माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाले, "फ्राइज असतात की."