फ्रान्सिसचं नाव तरी घ्या

जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसवरचा तुमचा लेख आवडला, पण 'कलावंताच्या खासगी आयुष्याशी रसिकाला काय देणंघेणं?' हा शेवट अजिबात पटला नाही. देणंघेणं आहेच, कारण ते आयुष्य त्याच्या तबकड्यांवरच छापलंय. १९६१च्या 'समडे माय प्रिन्स विल कम'च्या कव्हरवर दिसते ती त्याची बायको, फ्रान्सिस टेलर. कसलेली नर्तकी. ब्रॉडवेवरच्या 'वेस्ट साइड स्टोरी' या संगीत नाटकाच्या मूळ संचात होती. माइल्सने तिला ते काम सोडायला लावलं. तो तिला मारायचा ही कुणी उठवलेली आवई नाही, १९८९च्या आत्मचरित्रात त्याने स्वतःच कबूल केलंय. १९६५ मध्ये ती त्याला सोडून गेली, आणि त्याच वर्षीच्या 'ईएसपी'च्या कव्हरवरही पुन्हा तीच!

त्याची 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी मी आजही ऐकते. तिच्यातल्या 'सो व्हॉट'मध्ये पॉल चेंबर्सचा बास काहीतरी विचारतो, बाकीचे दोन ठोक्यांत उत्तर देतात, आणि मग माइल्सचा ट्रम्पेट येतो. किती मोजके स्वर, मध्ये केवढी मोकळी जागा! हा आनंद मला सोडवत नाही आणि सोडायचाही नाही.

पण म्हणून त्याच्या मारहाणीला 'प्रतिभेची किंमत' म्हणू नका हो. ती किंमत मोजली फ्रान्सिसने. तिचं नाचणं गेलं त्यात, आणि त्याबद्दल तुमच्या एवढ्या मोठ्या लेखात एक ओळ नाही. पुढच्या भागात या तबकड्यांवर लिहाल, तेव्हा फोटोतली बाई कोण आणि ती का निघून गेली, एवढं तरी जरूर लिहा.