खालून फोटो आहे का?

सोसायटीच्या वॉचमननं मला लॉनवर पालथं पडलेलं पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो पाणी घेऊन धावत आला होता. आता तो नुसतं सांगतो, "साहेब, कुंडीमागं पण एक उगवलंय."

आधी पक्षी पाहायचो. पण पक्षी उडतात. अळंबी जागची हलत नाही, तेव्हा हा छंद सोपा, असा माझा हिशोब. पहिल्याच आठवड्यात वीस फोटो जाणकारांना पाठवले. विसांनाही उत्तर एकच : "खालून फोटो आहे का?" नव्हता. अळंबीची निम्मी कुंडली छत्रीच्या पोटात असते. छत्रीखालच्या पातळ पडद्यांच्या चुण्या दांड्याला चिकटल्यात की सुट्या, दांड्याला कडं आहे का, बुडाशी पिशवी आहे का. अमानिता या बदनाम घराण्यातल्या बऱ्याच जणांची ही पिशवी मातीत दडलेली, आणि मी दांडा वरच्यावर खुडून आणलेला.

मग बीजाणूंचा, म्हणजे छत्रीतून झडणाऱ्या बारीक भुकटीचा ठसा; त्याच्या रंगावरूनही ओळख पटते. दांडा कापायचा, छत्री कागदावर ठेवायची, वर वाडगा पालथा घालून रात्रभर विसरायचं. कागद लेकीच्या क्राफ्टचा, वाडगा बायकोच्या माहेरचा. सकाळी उचलून पाहतो तर मळकट हिरवा ठसा! चूण न् चूण उमटलेली, जणू कुणी हिरवी रांगोळी चाळणीनं भुरभुरली. हिरवा ठसा म्हणजे क्लोरोफायलम मॉलिब्डाइटीस. दिसायला गोरीगोमटी, खाल्ली तर काही तासांत ओकाऱ्या आणि जुलाब. महिन्याभरातली माझी पहिली खात्रीची ओळख.

"म्हणजे विषारी?" बायकोनं विचारलं.

"हो!" मी हर्षानं ओरडलो.

"माझ्या वाडग्याखाली?"

नुसत्या स्पर्शानं विष चढत नाही, हे मी समजावून सांगितलं. वाडगा आता माझा आहे.

खाली उतरलो तर तळमजल्यावरचे काका त्याच छत्र्या पिशवीत भरत होते. "लसूण घालून शिजवायची. लसूण काळी पडली तरच टाकायची." लसणीला काय किंवा चांदीच्या नाण्याला काय, विष कळत नाही; अमानितातलं जीवघेणं विष तर शिजवूनही जात नाही, हे पटवायला अर्धा तास गेला.

"बरं, मग खायची कुठली?"

"ते अजून शिकलो नाही."

काकांनी पिशवी माझ्या हातात ठेवली आणि ज्या नजरेनं पाहिलं, ती मी नापास झालो तेव्हा वडिलांच्या डोळ्यांत पाहिली होती.

सासूबाई मात्र कुडाळच्या. त्यांना लॅटिनची गरज नाही. दर पावसाळ्यात त्या ठरलेल्या वारुळापाशी जातात आणि टोपली भरून येतात. तिथं वाळवी जमिनीखाली ही बुरशी पोसते, म्हणून अळंबीचं मूळही पार आत उतरलेलं असतं. गेल्या रविवारी टेकडीवर मला तशीच काहीतरी सापडली. लगेच त्यांना फोटो धाडले, फोन लावला.

"जावईबापू, शेजारी वारूळ होतं का?"

मी फोटो चाळले. बारा होते, सगळे नेमके खालून काढलेले. एकातही जमीन नव्हती.