दिवा घेतलेल्या बाईच्या चित्राले अपशकुनी म्हणणाऱ्यांसाठी

आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिलाय. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, ते बाईचं चित्र कॅलेंडरवर सगळ्यांनी पाहिलंय. मेसेज म्हणतो, हे राजा रविवर्म्याचं, बाई तरुण विधवा, झाकलेला दिवा म्हणजे तिचं विझत चाललेलं आयुष्य, रंगात रत्नांची भुकटी आहे, अन् लग्नाची पोरगी असलेल्या घरात हा फोटो ठेवू नये. आमच्या मोठ्या आईनं लगेच भिंतीवरून उतरवला. "पोरीचं जमून नाही राह्यलं ते याच्याच पायी," म्हणे.

रविवर्मा १९०६ मध्ये वारले. हे चित्र १९४५-४६ चं, सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर यांचं. ते मैसूरच्या जगनमोहन पॅलेसात आहे, अन् तिथंच रविवर्म्याची चित्रंही आहेत म्हणून लोकांची गल्लत होते, तेवढं समजू शकतो.

आता विधवेचं. चित्रात उभी आहे ती हळदणकरांची स्वतःची मुलगी, दिवाळीत हातात दिवा घेतलेली पाहून बापाला चित्र सुचलं. बाप आपल्या पोरीले विझलेलं आयुष्य म्हणून रंगवन का? चेहरा गंभीर आहे, मान्य, थोडा उदासही वाटतो. पण हात बघा ना जरा, ज्योतीचा उजेड बोटांच्या फटीतून लालसर झिरपतो अन् वर चेहऱ्यावर पडतो. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा नेताना वारा सुटला की आपल्या बाया असाच हात धरतात, विझू नये म्हणून. चित्राचं नावच 'ग्लो ऑफ होप' म्हणजे आशेचा उजेड आहे, अन् यांना त्यात मरण दिसून राहिलं!

अन् अपशकुन? ज्या पोरीनं त्या चित्रासाठी उभं राहून दिलं ती शंभरी ओलांडून कोल्हापुरात २०१८ मध्ये गेली, तेव्हा पेपरांत छापूनही आलं होतं. जिचं चित्र तिलेच बाधलं नाही ते खेड्यातल्या भिंतीवरून कोणाचं लग्न मोडन? लग्नं अडतात हुंड्यापायी, नापिकीपायी, पोराच्या नोकरीपायी, हे सगळ्यांना माहीत आहे, पण दोष द्यायचा एका बाईच्या फोटोले, अन् तो ऐकून घ्यायचा घरातल्या पोरीनं. याचाच मला राग आहे.

रत्नांची भुकटी वगैरे काही नाही, साधा जलरंग आहे. ज्यानं मेसेज टाकला त्यानं त्याच ग्रुपवर हळदणकरांचं नाव लिहून दुरुस्ती टाकावी, अन् आजच टाकावी.