पाच किलो मीठ

सकाळपासून डोकं फिरलंय. संध्याकाळपर्यंत उतरेल म्हटलं, उतरलं नाही. म्हणून लिहितेय.

आमचे एक काका आज सकाळी घरी आले. चहा झाला आणि स्वयंपाकघराच्या दारातली जाड मिठाची पिशवी त्यांना दिसली. हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, शिरोड्याचं मीठ, आज्जीनं आणलंय. काका हसायलाच लागले. "बेळगावात मीठ संपलं काय गं? म्हातारीला घाट उतरवून नेलीस आणि आणलंस काय, तर मीठ!" आज्जी तिथंच लसूण सोलत बसली होती. तिला ऐकू चांगलं येतं, पण ती काही बोलली नाही. मग काकांनी विचारलं, "वाटेत देव वगैरे केलात की नाही?" आई म्हणाली, आरवलीचा वेतोबा केला. "हां, मग ठीक."

ठीक म्हणजे काय? वेतोबा वाटेवर नसता तर आमचं जाणं ठीक नव्हतं?

आपल्या घरातली म्हातारी बाई बाहेर पडणार ती देवाला. सौंदत्ती, जोतिबा, फार तर पंढरपूर. नाहीतर बारशाला, लग्नाला, मयताला. नुसतं हिंडायला, वारा खायला, तिला वाटलं म्हणून, असं तिला कोणी कधी नेलंय? पोरं सुट्टी पडली की गोव्याला जातात आणि घर सांभाळायला कोण, तर आज्जी. कुलपापेक्षा आज्जी बरी! तुम्हा सगळ्यांच्या घरात हेच चाललंय, मला माहीत आहे. आमच्याही घरात हेच चाललं होतं, गेल्या रविवारपर्यंत.

माझ्या आज्जीचा बाप गाडीवान होता. माहेर उचगावच्या बाजूचं. बेळगाव-वेंगुर्ला रस्ता मुळात वेंगुर्ल्याच्या बंदरावरून माल वर आणायचा रस्ता. इंग्रजांच्या पलटणींची रसद याच रस्त्यानं वर यायची, आंबोली हा वाटेतला मुक्कामाचा टप्पा. पणजोबांचे बैल त्याच वाटेनं जायचे. खाली जाताना गूळ नि मिरची, वर येताना मीठ, नारळ, सुकी मासळी. आज्जी लहान असताना बापाची गाडी आली की पोत्याला नाक लावून बसायची म्हणे. बाप म्हणायचा, पुढच्या खेपेला नेतो तुला. पुढच्या खेपा संपल्या, लग्न झालं, चार पोरं झाली. तो रस्ता आमच्या दारापासून किती लांब? रिक्षानं दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांपुढं जायला तिला सत्तर वर्षं लागली आणि काका विचारतात, मीठ कशाला.

गुडघे दुखतात, शुगर आहे, गोळ्या वेळेवर लागतात, सगळं खरं. काकांची काळजी खोटी नाही, एवढं मान्य करते.

आम्ही दोघीच गेलो, पप्पांची जुनी गाडी घेऊन, पहाटे साडेपाचला. हिंडलग्याला हुतात्मा स्मारकासमोर तिनं गाडी थांबवायला लावली, बसल्या जागेवरून हात जोडले. १९८६ चं कन्नडसक्तीचं आंदोलन तिनं डोळ्यांनी बघितलंय, त्यावर ती जास्त बोलत नाही. बाची गेलं, हद्द ओलांडून महाराष्ट्रातली शिनोळी लागली, आणि मग आज्जीनं जे सुरू केलं ते मी जन्मात विसरणार नाही. ती पाट्या वाचायला लागली. मोठ्यानं. "शिनोळी... पाटणे फाटा... हलकर्णी फाटा..." चौथी शिकलेली बाई, एकेक अक्षर बोटानं हवेत दाखवत. दुकानांच्या पाट्या, दुधाच्या डेअरीची पाटी, भिंतीवरची खताची जाहिरात. कानूरपर्यंत तिनं मला एक शब्द बोलू दिला नाही.

बेळगावात हीच बाई बसस्टँडवर उभी राहून पोरासोरांना विचारते, बाळा, ही गाडी कुठली? पाटी डोळ्यांसमोर असते, पण ती कन्नडात, तिला वाचता येत नाही. तिच्याच गावात तिला अडाणी करून ठेवलंय. कन्नड भाषेशी आमचं भांडण नाही, आज्जी भाजीवालीशी घासाघीस अस्सल कन्नडात करते. पण एका पाटीवर दोन ओळी जास्त लिहायला कोणाचं काय जातं?

बरं, तो विषय वेगळा. मी मिठाबद्दल लिहीत होते.

घाटात एक राग आला तो सांगून टाकते. जाऊन येऊन अडीचशे किलोमीटर, आणि गुडघे न वाकणाऱ्या बाईला बसता येईल असा धड संडास नाही. एका हॉटेलात चहा घेतला तरी संडासाला कुलूप, चावी मालकाकडे, मालक बाहेर. शेवटी दाणोलीच्या अलीकडे एका घरात विचारलं. त्या बाईनं आज्जीला हात धरून आत नेलं, वर गुळाचा खडा आणि पाणी दिलं. नाव विचारायचं राहून गेलं. "म्हाताऱ्यांना प्रवास झेपत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी हे बघावं. त्यांना प्रवास झेपतो. वाटेत लागणारं साधं काही मिळत नाही, ते झेपत नाही.

सावंतवाडीतून मळेवाड, आजगाव करत शिरोड्याला पोचलो. वेळागरच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत खुर्ची मिळाली. मला वाटलं होतं समुद्र बघून आज्जी रडेल वगैरे. छे. पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "लई मोठा हाय. आता मीठ कुठं करतात ते दाव."

मग मिठागरावर गेलो. भरतीचं खाडीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हात आटवायचं, तळाला खडे धरले की ओढून ढीग घालायचा. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तो याच शिरोड्यात. हे मी तिला सांगत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. ती काठी टेकत ढिगापाशी गेली, तांदूळ बघतात तसं मूठभर मीठ तळव्यावर पसरलं, अंगठ्यानं खडे वेगळे केले. एक खडा जिभेवर ठेवला. डोळे बारीक केले. मी घाबरले, बीपीच्या गोळ्या चालू आहेत तिच्या.

"कडू न्हाई," म्हणाली. "आमचा बा हेच आणायचा."

तिथल्या माणसाशी तिनं पाच किलोसाठी अशी घासाघीस केली की तो शेवटी आज्जी-आज्जी करत पिशवी स्वतः गाडीत ठेवून गेला.

दुपारी एका खाणावळीत बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. तिरफळ तिला आवडलं. भात बघून नाक मुरडलं, आपल्या बासमतीची सर न्हाई म्हणे. मग चार वाजेपर्यंत आम्ही काहीही केलं नाही. ती खुर्चीत, पाय वाळूत. मी म्हटलं, रेडीचा गणपती जवळ आहे, जाऊया? "तू जा. मी बसतो हितंच." मीही गेले नाही.

परतताना आरवलीत वेतोबाला गेलो, मी मानते म्हणून. त्याच्यासमोर वाहिलेल्या त्या हातभर लांब चामडी चपला तिनं निरखून बघितल्या. गावातल्या एका आजोबांनी सांगितलं, देव रात्री राखणीला गावभर फिरतो, त्यानं चपला झिजतात. आज्जी गाडीत बसेपर्यंत गप्प होती. आजगाव गेल्यावर म्हणाली, "देव बी घरात बसत न्हाई बघ."

काका, तुम्ही ही पोस्ट वाचणार आहात, मला माहीत आहे. तुमच्यावर राग आहे, पण तुम्ही आज्जीचे लाडके आहात हेही माहीत आहे. सकाळी तुम्ही चप्पल घालत होतात तेव्हा तिनं आत जाऊन पेपरात एक पुडी बांधली आणि मला तुमच्या मागे धाडलं, आठवतंय? तुम्ही न बघताच खिशात टाकलीत. त्यात तेच मीठ आहे. काकूला सांगा म्हणाली, कैरीच्या लोणच्याला घाल, वर्षभर नासणार न्हाई.

लिहिता लिहिता आतून हाक आली. मीठ बरणीत भरून झालंय, बरणी वर ठेवायला मी हवी आहे. आणि पाऊस लागायच्या आत वेंगुर्ल्याचं बंदर बघायचं म्हणतेय. बापाची गाडी तिथपर्यंत जायची.